पोती घरात येण्याआधी बादली सापळा लावा

मळणी उरकून शेत मोकळे झाले, नांगर फिरला, की उंदरांना तिथे दाणा उरत नाही आणि आडोसाही उरत नाही. नेमक्या त्याच दिवसांत धान्य घरात येते आणि रात्री गार होऊ लागतात. त्यामुळे सापळा लावायचा तो पोती येण्याच्या आठवडाभर आधी. पोत्याला भोक दिसल्यावर धावपळ करण्यात अर्थ नाही, कारण तोवर घरट्यात पिल्ले असतात. घरउंदराची मादी १९ ते २१ दिवसांत विते, एका वेताला साधारण ५ ते ८ पिल्ले होतात आणि व्याल्यावर दिवसभरातच ती पुन्हा गाभण राहू शकते. दोन महिन्यांची झाली की पिल्लेही विऊ लागतात. एका वेळी एकच उंदीर धरणारा चाप या वेगाला पुरत नाही. बादली सापळ्यात बादलीच्या तोंडावर तारेत ओवलेली आडवी बाटली असते; आमिषासाठी फळीवरून तिच्यावर आलेला उंदीर बाटली फिरताच आत पडतो. त्यामुळे बादली एक उंदीर पडला की आपोआप पुढच्यासाठी तयार होते. तिचा मोठेपणा एवढाच, पण या कामाला तोच लागतो.

आधी घरात कोण आले आहे ते ओळखा. लेंड्या ३ ते ६ मि.मी. लांब, टोकदार आणि तांदळाच्या कणीएवढ्या असतील तर तो घरउंदीर. एक सेंटिमीटरपेक्षा मोठ्या असतील तर मोठा उंदीर किंवा घूस समजा. त्यांच्यासाठी ही बादली नाही. ते उडी मारून सहज बाहेर पडतात, शिवाय नवी वस्तू दिसली की कितीतरी दिवस तिच्याजवळ फिरकत नाहीत. घरउंदराचा स्वभाव उलटा आहे. नवे काही दिसले की तो हुंगायला येतोच, आणि बादली चालते ती त्याच्या या खोडीवर.

बादली २० लिटरची, प्लास्टिकची, आतून गुळगुळीत आणि निदान ३५ सें.मी. खोल हवी. घरउंदीर उभी उडी सुमारे ३० सें.मी. मारतो, म्हणून १० लिटरच्या बादलीवर वेळ घालवू नका. जुन्या बादलीला आतून ओरखडे असतील तर तेवढी खरखरही त्याच्या नखांना पुरते. रंगाचे पोपडे आणि लोखंडी बादलीचा गंज यांचेही तसेच. दुसरी बादली नसेल तर आतून वरच्या ८ सें.मी. पट्ट्याला खाद्यतेलाचा पातळ हात द्या आणि धूळ बसली की पुसून पुन्हा लावा.

आता फिरती बाटली. दहांतले नऊ सापळे इथेच फसतात, म्हणून हे काम घाईने करू नका. एक लिटरची सरळ अंगाची प्लास्टिकची बाटली घ्या. लेबल काढा आणि त्याखालचा डिंकही तेल लावून पुसून काढा, नाहीतर त्या चिकट पट्ट्यावर पाय रोवून उंदीर बाटलीबरोबर गोल फिरतो आणि पुन्हा वर येतो. बाटलीच्या बुडाला बरोबर मध्यभागी एक छोटा उंचवटा असतो. तापवलेल्या खिळ्याने एक भोक तिथे पाडा आणि दुसरे झाकणाच्या मध्यावर. तार ३ मि.मी. जाडीची आणि सरळ हवी, भोके ४ ते ५ मि.मी. रुंद. वेटोळ्यातून काढलेली तार तशीच वापरू नका. तिच्यात बाक राहतो आणि बाटली प्रत्येक फेरीत त्याच जागी अडते. तार सपाट दगडावर ठेवून ठोकून सरळ करून घ्या.

बादलीच्या काठाखाली अडीच सेंटिमीटरवर समोरासमोर दोन भोके पाडून तार ओवा. बाटलीचा वरचा भाग काठाच्या किंचित वर यायला हवा. बाटली तारेवरून सरकत जाऊन बादलीला घासू नये म्हणून तिच्या दोन्ही बाजूंना तारेवर चिकटपट्टीचे जाड वेढे द्या किंवा वॉशर अडकवा. बाटलीच्या बुडाकडे बादलीपासून दोन-तीन सेंटिमीटरच मोकळी जागा ठेवा. यापेक्षा जास्त अंतर असेल तर उंदीर पाय पुढे टाकायला कचरतो.

तोल कसा तपासायचा? बाटली बोटाने चार-पाच वेळा फिरवून सोडा. दर वेळी वेगवेगळी बाजू वर येऊन थांबली तर तोल बरोबर आहे. दर वेळी तीच बाजू खाली जात असेल तर भोक मध्यावर नाही किंवा आमिषाचा गोळा एका बाजूला जास्त बसला आहे. मग वजनाची परीक्षा. लहान पुडीत १५ ग्रॅम धान्य बांधून बाटलीच्या माथ्यावर ठेवा. पुडी क्षणात घसरून बादलीत पडली पाहिजे. मोठा घरउंदीर १२ ते ३० ग्रॅमचा असतो, तेव्हा १५ ग्रॅमला न फिरणारी बाटली अर्धेअधिक उंदीर जेवून परत पाठवते.

चढायला ७ ते ८ सें.मी. रुंद आणि ७० सें.मी. लांब फळी पुरते. गुळगुळीत फळीवर गोणपाट ताणून खिळे मारा. वरचे टोक बरोबर तारेच्या वर, काठाला टेकलेले हवे, आणि तेही बाटलीच्या बुडाच्या बाजूला. तोंडाकडची बाजू निमुळती असल्यामुळे तिथून उंदीर बाटलीवर नीट चढत नाही. फळी डुगडुगत असेल तर खिळ्याने किंवा तारेने बांधून टाका. हलणाऱ्या फळीवरून अर्ध्यातून परतलेला उंदीर त्या रात्री पुन्हा वर येईलच असे नाही.

आमिष म्हणून भाजलेल्या शेंगदाण्यांचा तेल सुटेपर्यंत वाटलेला लगदा उत्तम. अर्धा चमचा लगदा बाटलीच्या मध्यावर दोन सेंटिमीटर रुंद पातळ पट्ट्यासारखा गोलभर माखा. गोळा थापू नका. फळीवर तीन-चार ठिकाणी दाण्याचा बारीक तुकडा ठेवा, तोही मोजकाच. घरउंदीर दिवसभरात तीन-चार ग्रॅमच खातो. फळीवरच पोट भरले तर बाटलीपर्यंत कशाला जाईल? पहिल्या दोन रात्री बाटली दोऱ्याने बांधून ठेवा म्हणजे ती फिरणार नाही, आणि उंदरांना निवांत खाऊ द्या. तिसऱ्या संध्याकाळी दोरा काढा. या दोन रात्री फुकट गेल्यासारख्या वाटतात, पण पहिल्याच रात्री अर्धवट घसरून सावध झालेल्या उंदरापेक्षा त्या परवडतात.

जागा निवडताना अंदाज करू नका, राख वापरा. संध्याकाळी भिंतीच्या कडेने, पोत्यांच्या मागे आणि दाराच्या कोपऱ्यात राखेचे पातळ हातभर पट्टे पसरा. सकाळी जिथे पावलांचे ठसे आणि मध्ये शेपटीची रेघ दिसेल, तीच त्याची वाट. बादली त्या वाटेवर भिंतीला लावून ठेवा आणि फळीचे खालचे टोक भिंतीलगत आणा. उंदीर मिशा भिंतीला लावून चालतो, मोकळ्या जमिनीवर सहसा उतरत नाही. घरट्यापासून तो फार तर तीन ते दहा मीटर फिरतो, म्हणून मोठ्या कोठाराच्या मधोमध ठेवलेली एकच बादली निम्म्या उंदरांना कळतही नाही. माग असलेल्या भिंतीला दर तीन मीटरवर एक बादली धरा.

पाणी घालायचे की कोरडी ठेवायची, यावर स्पष्ट बोलायला हवे. उंदीर पोहतो, त्यामुळे पाण्यात मरायला त्याला कित्येक मिनिटे लागतात. अमेरिकन व्हेटरनरी मेडिकल असोसिएशनच्या मार्गदर्शक सूचनांत बुडवून मारणे ही मान्य पद्धत नाही. सकाळ-संध्याकाळ बादली बघणे शक्य असेल तर कोरडीच ठेवा. तळाला मूठभरच गवत टाका, त्याहून जास्त टाकले तर तळ उंच होतो. पडलेला उंदीर जाड पिशवीत घेऊन डोक्यावर एकच नेमका घाव घालणे बुडवण्यापेक्षा बरे. आपल्या भागात याविषयी काय नियम आहेत ते मात्र पाहून घ्या. कुंपणाबाहेर सोडलेला उंदीर त्याच रात्री परत येऊ शकतो, आणि लांब नेऊन सोडला तर तो शेजाऱ्याचा होतो. पाणी घालायचेच ठरवले तर १२ ते १५ सें.मी. घाला. कमी घातले तर त्याचे पाय तळाला टेकतात, जास्त घातले तर काठ जवळ येतो. त्यात धुण्याच्या साबणाचे थोडे पाणी मिसळा, म्हणजे केस लगेच भिजतात आणि हाल लवकर संपतात. इंजिनाचे शीतक द्रव कधीही ओतू नका. ते चवीला गोड असते आणि कुत्र्या-मांजरांसाठी जीवघेणे ठरते.

घरात लहान मूल असेल तर पाण्याची बादली नकोच. पाच-सहा सेंटिमीटर पाणीही बाळाला बुडवू शकते. कोंबडीची पिल्ले फिरत असतील तर सापळ्यावर पालथे खोके ठेवा आणि त्याला ४ सें.मी.चे भोक पाडा. झिंक फॉस्फाईडसारखे विष आणि बादली एकाच जागी वापरू नका. विष खाल्लेला उंदीर बादलीतून मांजराच्या तोंडी जातो.

कधी बादलीत लांब सोंडेसारखे तोंड हलवणारी, उग्र वासाची चिचुंद्री सापडते. ती मुख्यतः किडे खाते. हातमोजे घालून बाहेर सोडून द्या.

दोन-तीन रात्री एकही उंदीर पडला नाही तर आधी आमिष बघा. मुंग्यांनी ते साफ केलेले असते किंवा वाळून त्याचा वास गेलेला असतो. मुंग्या असतील तर बादली उथळ थाळीत पाणी घालून त्यात ठेवा आणि फळीच्या खालच्या टोकाखालीही पाण्याची छोटी बशी सरकवा. आमिष संपते पण उंदीर पडत नाही, असे असेल तर बाटली अडते आहे. पुडीची परीक्षा पुन्हा घ्या. बारीक, दहा ग्रॅमच्या आतली पिल्ले पडू लागली तर घरटे जवळच आहे. पोती, चिंध्या, जुने कागद हलवून ते शोधा.

मेलेले उंदीर उचलताना हातमोजे घाला. लेंड्यांचा कोरडा झाडू मारू नका, धुळीतून रोगजंतू नाकात जातात. एक भाग ब्लीच आणि दहा भाग पाणी असे द्रावण फवारा, पाच मिनिटे थांबा आणि मग कागदाने पुसून घ्या. उंदीर विहीर आणि ओढ्यापासून दूर, दोन फूट खोल पुरा. बादलीतले पाणीही त्याच खड्ड्यात ओता.

बाहेरून येणारी वाट त्याच दिवशी बंद करा. पेन्सिल जाईल एवढ्या, म्हणजे ६ मि.मी.च्या फटीतून घरउंदीर आत येतो. भोकात भांडी घासायची स्टीलची चोथी कोंबून वर सिमेंट लावा. नुसता सिमेंटचा थर ओला असताना तो उकरतो. पोती भिंतीपासून हातभर दूर, फळ्यांवर रचा. तेवढ्या जागेत बादली आणि झाडू दोन्ही फिरतात.

सलग सात रात्री बादली रिकामी राहिली आणि राखेवर ठसा उमटला नाही की बाकीच्या उचला. धान्याजवळची एक मात्र पोती संपेपर्यंत तिथेच राहू द्या, आणि तिचे आमिष दर चौथ्या दिवशी पुसून ताजे माखा.