लाकडी दागिन्यांचे मणी: लेथ सुरू करण्याआधीची तयारी

लेथवर, म्हणजे लाकूड फिरवत कातायच्या यंत्रावर, एखादा मणी कातून काढणे अवघड नाही. अवघड आहे ते एकाच माळेत शेजारी शेजारी शोभतील असे चाळीस-पन्नास मणी काढणे, आणि त्यातल्या बहुतेक अडचणी यंत्र सुरू होण्याआधीच ठरून गेलेल्या असतात. १० मिलिमीटरच्या मण्याचे भोक अर्धा मिलिमीटर जरी मध्यापासून सरकले, तरी तो मणी माळेत कायम एका बाजूला कलतो आणि त्यावर नंतर काही इलाज उरत नाही. म्हणून ही तयारी लाकडापासून नव्हे, तर दोऱ्यापासून सुरू करावी.

मणी कशात ओवायचे ते आधी निश्चित करावे. बारीक तार किंवा रेशमी दोरा असेल तर दीड मिलिमीटरचे भोक पुरते, मेण लावलेल्या सुती दोऱ्याला साधारण दोन, आणि चामड्याच्या दोरीला अडीच ते तीन मिलिमीटर लागते. मात्र दोऱ्याच्या रिळावर छापलेल्या जाडीवर विसंबू नये. टाकाऊ तुकड्याला त्याच ड्रिल बिटने भोक पाडून त्यातून प्रत्यक्ष दोरा ओढून पाहावा, आणि गाठ मारल्यावर दोरा शेवटच्या काही मण्यांतून परत फिरवायचा असेल, तर तो दुहेरी जातो का हेही तपासावे. भोक मण्याच्या व्यासाच्या तिसऱ्या हिश्शाहून मोठे करायची वेळ आली, तर भोक वाढवण्यापेक्षा मण्याचाच आकार वाढवावा. पातळ भिंतीचा मणी कातताना चिरतो.

त्यानंतर संख्या ठरवावी. ४५ सेंटिमीटरच्या सरळ माळेला १० मिलिमीटरचे ४५ मणी लागतात. मध्ये धातूच्या चकत्या किंवा मागे लांब फासा असेल तर त्या मानाने कमी. या संख्येवर किमान पाचवा हिस्सा जादा धरावा, म्हणजे ५४. काही मणी चिरतात, काहींच्या पोटातून अनपेक्षित गाठ किंवा डाग निघतो, आणि राहिलेल्यांतून रंगाने जुळणारे निवडायला वाव मिळतो. कमी पडलेले चार मणी नंतर दुसऱ्या फळीतून काढले, तर ते माळेत लांबूनही ओळखू येतात, त्यामुळे हे जादा मणी सुरुवातीलाच, त्याच फळीतून काढणे शहाणपणाचे.

लाकूड निवडताना घट्ट, बारीक रंध्रांचे आणि पूर्ण वाळलेले लाकूड घ्यावे. बॉक्सवुड, ऑलिव्ह, मॅपल, चेरी यांवर बारीक कंगोरे स्वच्छ उठतात. सागवान दिसायला चांगले असले तरी त्यातील सिलिकामुळे हत्याराची धार लवकर जाते आणि त्यातल्या तेलामुळे गोंद व काही पॉलिश नीट धरत नाहीत, त्यामुळे पहिल्या माळेसाठी मी ते सुचवणार नाही. ओकसारख्या ठळक रंध्रांच्या लाकडात मोठी वाटी शोभते, पण ८ मिलिमीटरच्या मण्यावर तीच रंध्रे टोचल्याच्या खुणांसारखी दिसतात.

दागिना तासन्‌तास अंगाला लागून राहतो, घामाने भिजतो, आणि ही गोष्ट लाकूड निवडतानाच लक्षात घ्यावी लागते. शिसवाच्या कुळातील अनेक लाकडांमुळे, विशेषतः कोकोबोलोमुळे, संवेदनशील त्वचेवर पुरळ उठते. आबनुसाचाही काहींना त्रास होतो. यू आणि लॅबर्नम ही झाडेच विषारी असल्याने त्यांचे लाकूड दागिन्यांसाठी न वापरलेले बरे. रंगवलेले लाकूड वापरायचे असेल, तर त्याचा तुकडा ओल्या पांढऱ्या कापडावर रात्रभर दाबून ठेवावा आणि सकाळी कापडावर रंग उतरला आहे का ते पाहावे. मणी परदेशी पाठवण्याचा विचार असेल, तर आणखी एक बाब पाहावी लागते. शिसवाच्या वंशातील (डालबर्जिया) सर्व प्रजाती २०१७ पासून धोक्यातील वन्यजातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या साइट्स कराराखाली नोंदलेल्या आहेत. २०१९ मधील सुधारणेनंतर बहुतेक प्रजातींच्या तयार वस्तूंना एका खेपेत १० किलो लाकडापर्यंत सूट मिळते, पण ब्राझिलियन रोजवूड अधिक कडक यादीत असल्याने त्याला ही सूट लागू नाही, आणि त्या त्या देशाचे नियम शिवाय वेगळे असतात. जुन्या फर्निचरमधून आलेल्या लाकडाची जात सांगता येत नसेल, तर त्याचे मणी विकायला ठेवू नयेत.

वाळलेपणाबाबत घाई करू नये. लाकडातील ओलावा ८ ते १२ टक्क्यांपर्यंत उतरलेला असावा. ओल्या कांडीतून, म्हणजे मणी कातायच्या लांबट चौकोनी तुकड्यातून, काढलेला गोल मणी आठवडाभरात अंडाकृती होतो आणि त्याच्याबरोबर भोकही. इतक्या बारीक कांड्यांवर ओलावा-मापक भरवशाचा ठरत नाही, त्यामुळे सोपा मार्ग वजनाचा: कांड्यांची जुडी बांधून लहान डिजिटल काट्यावर काही दिवसांच्या अंतराने तोलावी, आणि वजन उतरायचे थांबले की ती कामाला घ्यावी.

कांड्या १५ मिलिमीटर चौरस आणि सुमारे १० सेंटिमीटर लांब कापाव्यात. लाकडाच्या रेषा कांडीच्या लांबीला समांतर असणे महत्त्वाचे आहे. रेषा तिरप्या गेल्या तर भोक पाडताना बिटही त्यांच्या मागे तिरपे जाते. खोडाचा गाभा आलेली कांडी सरळ बाजूला काढावी, कारण मणी नेमका तिथेच तडकतो. लांबीचा हिशेब असा: चकमध्ये, म्हणजे लेथच्या लाकूड पकडणाऱ्या जबड्यांत, धरण्यासाठी २५ मिलिमीटर सोडले की ७५ उरतात, १० मिलिमीटरचा मणी आणि तो वेगळा करताना जाणारे २ मिलिमीटर मिळून एका मण्याला १२ लागतात, म्हणजे एका कांडीत ६ मणी आणि ५४ मण्यांना ९ कांड्या. याहून लांब कांडी घेतली तर लाकूड वाचते हे खरे, पण एका टोकाला धरलेली बारीक कांडी फिरताना थरथरते आणि मण्यावर वेटोळ्या खुणा उमटतात. प्रत्येक कांडीवर पेन्सिलने क्रमांक घालावा, म्हणजे फळीतल्या शेजारच्या कांड्यांचे मणी माळेतही शेजारी ओवता येतात.

आता लेथकडे. हेडस्टॉक (लाकूड फिरवणारे टोक) आणि टेलस्टॉक (त्याच्या समोरचे सरकते टोक) या दोन्हींत टोकदार सेंटर बसवून ती एकमेकांना जवळजवळ टेकवावीत, आणि टोके वरून व बाजूनेही समोरासमोर येतात का ते पाहावे. वाटी कातताना या जुळणीत किंचित फरक असला तरी कुणाच्या लक्षात येत नाही. मण्याचे भोक टेलस्टॉकमधून पाडायचे असल्याने इथे तो फरक थेट भोकाच्या तोंडाशी दिसतो. पुढे चक. लाकूडकामाच्या चकचे नेहमीचे ५० मिलिमीटरचे जबडे पूर्ण मिटले तरी १५ मिलिमीटरची कांडी त्यांच्या पकडीत येत नाही, आणि हे बहुतेकांना कांडी हातात घेतल्यावरच कळते. त्यासाठी लहान पिन जबडे मिळतात, किंवा कोलेट चक (गोल टोक चहूबाजूंनी आवळणारा) घेता येतो. कोलेटमध्ये ईआर ३२ मालिका २० मिलिमीटरपर्यंत आणि ईआर २० मालिका १३ मिलिमीटरपर्यंत धरते. कोलेटसाठी कांडीचे धरायचे टोक आधी गोल करून घ्यावे लागते, पण पकड अधिक खरी बसते. ड्रिल चकच (ड्रिल बिट पकडायचा चक) हेडस्टॉकमध्ये ठोकून काम भागवू नये: बाजूने दाब आला की निमुळता दांडा सैल होऊन बाहेर येऊ शकतो, आणि तो रोखायचा तर मागून ड्रॉबार, म्हणजे दांडा ओढून धरणारा लांब बोल्ट, कसावाच लागतो. टेलस्टॉकमध्ये मात्र ड्रिल चकच हवा, आणि त्याचे जबडे दीड मिलिमीटरचे बिट घट्ट पकडतात का ते बिट कसून, हाताने ओढून पाहावे. मोठ्या मापाचे चक बऱ्याचदा इतके मिटत नाहीत.

भोकाची तयारी जरा सविस्तर करावी, कारण सारे काम त्याच्याभोवती फिरते. दोन सारखी बिटे ठेवावीत, त्यातले एक कोरे. बिट चकमधून जेवढे कमी बाहेर काढता येईल तेवढे काढावे. दोन मिलिमीटरचे बिट लांब सुटे ठेवले की ते लाकडाच्या टोकावर आधी नाचते आणि मग मनाला येईल तिथे घुसते. कांडीचे टोक प्रथम पार्टिंग टूलने (तुकडा वेगळा करायच्या अरुंद हत्याराने) सपाट करायचे, स्क्यूच्या (तिरप्या धारेच्या छिन्नीच्या) टोकाने किंवा सेंटर ड्रिलने मध्यभागी बारीक खळगा पाडायचा, आणि त्या खळग्यातच बिट उतरवायचे, हा क्रम आधी टाकाऊ कांडीवर बसवून घ्यावा. एकदम ७५ मिलिमीटर खोल जायचे नसते. एका मण्यापुरते, म्हणजे १४ मिलिमीटर खोल भोक पाडायचे, मणी कातून पूर्ण करायचा, वेगळा करायचा आणि मगच पुढचे भोक घ्यायचे. बिटावर १४ मिलिमीटरवर रंगीत चिकटपट्टी गुंडाळून ठेवली की खोली पुन्हा पुन्हा मोजावी लागत नाही. दर तीन-चार मिलिमीटरला बिट बाहेर काढून ब्रशने भुसा झटकावा. बिटाच्या खाचेत भुसा दबला की भोक आतून जळते आणि कोरड्या लाकडात भोकापासून केसासारखी चीर निघते, जी पॉलिश चढेपर्यंत दिसत नाही.

हत्यारे थोडीच पुरतात: कांडी गोल करायला रफिंग गाउज (पन्हळी छिन्नी), कंगोऱ्यांसाठी ६ मिलिमीटरचा स्पिंडल गाउज, १२ मिलिमीटरचा स्क्यू आणि दीड ते दोन मिलिमीटर जाडीचे पार्टिंग टूल. मण्याच्या आकाराचीच पाती असलेले हत्यारही मिळते आणि त्याने सगळे मणी एकसारखे निघतात, पण ते लाकूड कापण्यापेक्षा खरवडते. स्क्यूने कापलेला मणी जवळजवळ चकाकतच बाहेर येतो, म्हणून हात बसेपर्यंत टाकाऊ कांड्यांवर स्क्यूचाच सराव करावा असे माझे मत आहे. धार प्रत्येक कांडीनंतर दगडावर दोन-चार हात मारून ताजी करावी. लहान कामात बोथट हत्यार लाकूड कापत नाही, नुसते ढकलते, आणि बारीक कांडी तिथेच मोडते. १०० मिलिमीटरचा आखूड टूलरेस्ट (हत्यार टेकवायचा आधार) असेल तर तोच बसवावा, म्हणजे तो चकच्या जबड्यांना न लागता कांडीच्या अगदी जवळ, तीन मिलिमीटरवर आणता येतो.

माप घेण्यासाठी व्हर्नियर कॅलिपर जवळ असावाच, पण दर मण्याला तो लावत बसण्यापेक्षा पातळ पत्र्याचा किंवा जुन्या प्लास्टिक कार्डाचा साचा कापून ठेवावा: एका कडेला मण्याची अर्धगोल बाजू, दुसऱ्या कडेला १० मिलिमीटरची खाच. खाच मण्यावरून जेमतेम सरकली की व्यास झाला. मणी थांबलेला असतानाच साचा लावावा.

वेगाबद्दल नवख्यांना भीती वाटते, ती या मापाला लागू नाही. १० मिलिमीटरचा मणी मिनिटाला ३००० फेऱ्यांनी फिरला तरी त्याच्या पृष्ठभागाचा वेग सेकंदाला दीड मीटरच्या आसपासच असतो. २० सेंटिमीटरची वाटी ८०० फेऱ्यांना आठ मीटरच्या पुढे जाते. म्हणून चौकोनी कांडी गोल होईपर्यंत १५०० आणि नंतर अडीच ते तीन हजार ठेवायला हरकत नाही. फक्त खोलीतला उजेड तपासावा. ५० हर्ट्झच्या विजेवर साध्या चोकची जुनी ट्यूबलाइट सेकंदाला १०० वेळा लुकलुकते, आणि ३००० फेऱ्या म्हणजे सेकंदाला बरोबर ५०, त्यामुळे फिरणारा चक थांबल्यासारखा दिसू शकतो. न लुकलुकणारा दिवा बाजूने, कामावर तिरपा पडेल असा लावावा. बारीक ओरखडेही त्याच उजेडात दिसतात.

घासण्यासाठी २४०, ३२० आणि ४०० नंबरच्या पॉलिश पेपरच्या बोटभर रुंद पट्ट्या कापून वेगवेगळ्या डब्यांत ठेवाव्यात. त्याहून खरबरीत कागद लागत असेल, तर हत्याराची धार तपासावी. घासताना टूलरेस्ट काढून ठेवायचा असतो आणि पॉलिश लावायला कापड नव्हे, तर सहज फाटणारा टिश्यू कागद वापरायचा असतो, कारण अडकलेले कापड बोटालाही बरोबर ओढून नेते. पॉलिशचा निर्णय अंगावरचा घाम आणि अत्तर लक्षात घेऊन करावा. लाखेचे पॉलिश लेथवर मिनिटात चमकते, पण लाख अल्कोहोलमध्ये विरघळते आणि अत्तरे बहुधा अल्कोहोलचीच असतात. नुसते मधमाशीचे मेण ६२-६४ अंशांना वितळते आणि त्याच्या बरेच आधी मऊ पडते. कार्नाउबा हे झाडापासून मिळणारे कडक मेण ८० अंशांच्या पुढे टिकते, म्हणून दोन्हींचे मिश्रण बरे. जवसाचे किंवा टंग झाडाच्या बियांचे तेल लावायचे असेल, तर मणी ओवण्याआधी ते पूर्ण सुकायला काही आठवडे धरावेत, आणि जवसाच्या तेलाने भिजलेले कागद-चिंध्या चुरगाळून टाकू नयेत. ते आपोआप तापून पेट घेतात. मोकळ्या जागेत पसरून वाळवावेत किंवा पाणी भरलेल्या पत्र्याच्या डब्यात टाकावेत. अक्रोडाचे तेल विकण्याच्या मण्यांना न लावणेच सुरक्षित, कारण कुणाला त्याचे वावडे असेल ते आपल्याला कळत नाही.

वेगळ्या केलेल्या मण्याची चककडची बाजू खरबरीत राहते, तिच्यासाठी आधीच एक निमुळती खुंटी कातून ठेवावी. टणक लाकडाची, ४० मिलिमीटर लांब, टोकाला दीड आणि बुडाला अडीच मिलिमीटर जाड अशी खुंटी चकमध्ये फिरत असताना मणी तिच्यावर हलकेच दाबून बसतो आणि ती बाजू घासून, पॉलिश करून घेता येते. खुंटी झिजते, म्हणून दोन-तीन कराव्यात. भोकाच्या दोन्ही तोंडांची धार मारायला ४ मिलिमीटरचे जुने बिट लाकडी मुठीत बसवून ठेवावे आणि ते बोटांनीच दोन फेरे फिरवावे; हे राहून गेले तर तीक्ष्ण कडा दोरा आतून कापत राहते.

लाकडाच्या भुशाला आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्येच माणसांत कर्करोग निर्माण करणाऱ्या घटकांत गणले आहे, आणि मणी घासताना उडणारा भुसा सर्वांत बारीक असतो, तोही तोंडापासून वीतभर अंतरावर. एन-९५ किंवा त्या दर्जाचा मास्क आणि चेहराभर ढाल दोन्ही हवेत. हातमोजे घालू नयेत, बाह्या कोपरापर्यंत सारून बांधाव्यात, केस आवळावेत, अंगठी, घड्याळ आणि गळ्यातली साखळी उतरवावी.

शेवटी मणी पडायची सोय. पार्टिंग टूल भोकापर्यंत पोहोचते त्या क्षणी मणी सुटतो आणि ढलप्यांत नाहीसा होतो. त्यासाठी टेलस्टॉकच्या ड्रिल चकमध्ये भोकापेक्षा थोडी बारीक, सरळ तार पकडून ती मण्यात आधीच सरकवून ठेवावी. सुटलेला मणी तारेवरच गरगरत राहतो. तारेचे टोक कानशीने गुळगुळीत केलेले असावे, आणि मणी काढून ठेवायला कांडीच्या क्रमांकाप्रमाणे ९ कप्पे पाडलेला ट्रे लेथच्या उजव्या हाताला ठेवावा.