इंजिनाआधी टॉप गिअर बघा

जुन्या स्पोर्ट्स कारला ॲव्हरेज हवं म्हणून लगेच इंजिन शोधत उद्यमनगरातली गॅरेजं पालथी घालू नका. चार गिअर (चौथा थेट, म्हणजे १ चा), ४.२ गुणोत्तराचं डिफरन्शिअल (मागच्या चाकांना ताकद वाटून देणारा गिअरचा संच) आणि १३ इंची चाकं असतील तर हायवेला ८० च्या वेगात इंजिन तीन हजार आरपीएमच्या वर फिरतं. ०.८ गुणोत्तराचा पाचवा गिअर मिळाला की तेच अडीच हजारांवर येतं. खरी बचत इथंच आहे!

इंजिन बदलायचंच असेल तर मारुती ईकोचं १.२ लिटर बघा. ते गाडीच्या लांबीच्या दिशेनं उभं बसतं, मागची चाकं फिरवतं. गिअरबॉक्स, ईसीयू (इंजिन चालवणारा कॉम्प्युटर), वायरिंग सगळं एकाच गाडीचं घ्या. स्विफ्टचं आडवं इंजिन स्वस्त वाटेल, पण जोडणीत पैसे जातात. प्रॉपेलर शाफ्ट (गिअरबॉक्सपासून मागच्या चाकांकडे जाणारा दांडा) लांबी जुळवायला कापल्यावर बॅलन्स कराच. आरटीओची परवानगी मात्र कामाला हात लावण्याआधी.