ऊस वाहणाऱ्या बैलावर जादा भार दिसल्यास कायद्यानुसार तक्रार कशी करावी

गळीत हंगाम सुरू झाला की बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतून ऊसतोड टोळ्या आपल्या बैलजोड्यांसह पश्चिम महाराष्ट्रातील कारखान्यांवर येतात, आणि उसाच्या ओझ्याने रस्त्यातच बसलेला बैल पाहून अनेकांचा जीव कळवळतो. मात्र ‘बैलाचे हाल होत आहेत’ एवढ्याच शब्दांत केलेली तक्रार पोलीस ठाण्यात टिकत नाही. नेमका कोणता नियम मोडला, हे सांगता यावे लागते.

आधी नियम समजून घ्या. प्राणी क्लेश प्रतिबंधक कायदा, १९६० यातील कलम ११ नुसार जनावराला मारणे, त्याच्यावर जादा भार लादणे, तसेच जखमी, आजारी किंवा थकलेल्या जनावराला कामाला जुंपणे हा गुन्हा आहे. जादा भार म्हणजे किती, हे ओझ्याच्या जनावरांसाठी केलेल्या १९६५ च्या नियमांत सांगितले आहे. ३५० किलोपेक्षा अधिक वजनाच्या एका मोठ्या बैलाने ओढायच्या दुचाकी गाडीला बॉल बेअरिंग असल्यास १,८०० किलो, केवळ हवेचे टायर असल्यास १,३५० किलो आणि यांपैकी काहीच नसल्यास ९०० किलो ही मर्यादा आहे. २०० ते ३५० किलो वजनाच्या मध्यम बैलासाठी हेच आकडे १,४००, १,०५० आणि ७०० आहेत. जोडी असेल तर मर्यादा दुप्पट होते. परंतु या वजनात गाडीचे स्वतःचे वजनही धरलेले असते, आणि नेमकी हीच गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही. किलोमीटरभर किंवा त्याहून लांब तीव्र चढ असेल, तर निम्माच भार चालतो. दिवसात एकूण नऊ तासांपेक्षा जास्त काम, विश्रांतीशिवाय सलग पाच तासांपेक्षा जास्त काम, आणि तापमान ३७ अंशांपेक्षा जास्त असताना दुपारी बारा ते तीन या वेळेत काम, या तिन्हींना मनाई आहे. टोकदार खिळा लावलेली पराणी वापरण्यासही बंदी आहे.

मग पुरावा जमवा. या बाबतीत ऊस वाहतुकीला एक सोय आपोआप लाभली आहे, ती म्हणजे कारखान्याचा वजनकाटा. काट्यावर भरलेल्या गाडीचे वजन आणि वेळ नोंदली जाते, त्यामुळे तक्रारीत गाडीचा क्रमांक किंवा तिची ओळख, तारीख आणि अंदाजे वेळ अचूक दिली, तर तपास अधिकाऱ्याला ती नोंद मागवता येते. जुवाच्या घर्षणाने खांदा सुजला किंवा सोलला असेल, वेसणीची जखम असेल किंवा पाय लंगडत असेल, तर त्याचे जवळून छायाचित्र घ्यावे आणि ठिकाण लिहून ठेवावे.

जनावराची सोय तक्रारीच्या आधी. बैल जखमी असेल तर पशुवैद्यकीय मदतीसाठी १९६२ या क्रमांकावर आणि तातडी असेल तर पोलिसांच्या ११२ क्रमांकावर फोन करावा. गाडी अडवणे, बैल सोडवून नेणे किंवा गाडीवानावर हात टाकणे हा अधिकार कोणत्याही नागरिकाला नाही. जनावर ताब्यात घेऊन तपासणीला पाठवण्याचा अधिकार १९६० च्या कायद्यातील कलम ३४ नुसार शिपायाहून वरच्या दर्जाच्या पोलीस अधिकाऱ्याला किंवा शासनाने नेमलेल्या व्यक्तीला आहे. गाडीवान हा बहुधा मुकादमाकडून (टोळीच्या ठेकेदाराकडून) घेतलेल्या उचलीखाली, म्हणजे आगाऊ रकमेखाली, दबलेला असतो, हेही विसरू नये. नियमानुसार जनावराला जास्त भाराने जुंपणाऱ्याइतकाच जुंपायला लावणाराही दोषी ठरतो, म्हणून गाडी कोणाच्या सांगण्यावरून एवढी भरली गेली, हेही तक्रारीत लिहावे.

तक्रार लेखी द्या. नियम, वेळ, ठिकाण आणि पुरावा यांचा उल्लेख करून पोलीस ठाण्यात अर्ज द्यावा, त्याची पोच घ्यावी आणि एक प्रत जिल्हा प्राणी क्लेश प्रतिबंधक सोसायटीला पाठवावी. शासकीय पशुवैद्यकाकडून जनावराची तपासणी करून प्रमाणपत्र घ्यावे, अशी मागणी त्याच अर्जात करावी. जादा भाराचा गुन्हा अदखलपात्र आहे, म्हणजे न्यायदंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलीस त्याचा तपास करू शकत नाहीत, त्यामुळे पोलीस केवळ नोंद करून तुम्हाला न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जाण्यास सांगू शकतात. तसे झाल्यास थेट न्यायालयात तक्रार दाखल करता येते. जनावर मेले किंवा कायमचे जायबंदी झाले असेल, आणि ते कोणी जाणूनबुजून केलेले असेल, तर भारतीय न्याय संहितेचे कलम ३२५ लावण्याची मागणी करावी. त्यात पाच वर्षांपर्यंत कारावास आहे. १९६० च्या कायद्याखालील खटल्याला गुन्ह्यापासून तीन महिन्यांची मुदत असते, म्हणून हंगाम संपण्याची वाट पाहत बसू नये.

पहिल्या गुन्ह्याला कलम ११ खाली होणारा दंड आजही ५० रुपयांच्या वर जात नाही, आणि ही गोष्ट मला अत्यंत लाजिरवाणी वाटते. तीन वर्षांच्या आत पुन्हा गुन्हा केल्यास मात्र तीन महिन्यांपर्यंत कारावास होऊ शकतो, त्यामुळे पहिली तक्रार नोंदली जाणे महत्त्वाचे आहे. शिवाय अर्जाची आणखी एक प्रत कारखान्याच्या शेतकी विभागाला द्यावी आणि मर्यादेपेक्षा जास्त भरून आलेल्या गाडीचे वजन वेगळे नोंदवून गाडीमालकाला लेखी ताकीद देण्याची मागणी करावी.