पोरांची फुटबॉल लीग: आठ टीम, एक मैदान आणि या चुका

कोल्हापुरात सिनिअर फुटबॉलला केएसए (कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन) आहे, शाहू स्टेडियम आहे, आणि पाटाकडील, प्रॅक्टिस, दिलबहार, खंडोबा अशी टीमची नावं घेत घसा बसवणारी गॅलरी आहे. बारा-तेरा वर्षांच्या पोरांच्या लीगला काय असतं? चार तालमींचे, म्हणजे टीम उतरवणाऱ्या पेठेतल्या मंडळांचे, चार दादा, एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आणि सकाळी नवानंतर क्रिकेटवाल्यांच्या ताब्यात जाणारं एक मैदान. अशा लीगमध्ये मी पाचेक वर्षं पडेल ते काम करतोय. भांडणं झाली ती बॉलवरून फार कमी, मैदानाच्या वेळेवरून जास्त.

सगळ्यात मोठी चूक: आधी ड्रॉ, मग मैदान

उत्साहात आठ टीम घेतल्या, चिठ्ठ्या टाकल्या, तक्ता छापला. मैदान किती तास मिळणार हे मात्र कुणी मोजलंच नाही. आठ टीम एकमेकांशी एकेकदा खेळल्या की 28 सामने होतात. तेरा वर्षांखालचा सामना 25-25 मिनिटांचा धरा. मध्यंतर, टीम बदलणं, उशिरा येणारा गोलकीपर मिळून सव्वा तास जातो. रविवारी सात ते अकरा मैदान मिळालं तर तीन सामने. म्हणजे एकाच वयोगटाला दहा रविवार. तीन वयोगट घेतलेत तर 84 सामने, 28 रविवार. नोव्हेंबरात सुरू केलेली लीग एकही रविवार न चुकता मेपर्यंत जाते, आणि मध्ये परीक्षा, यात्रा, लग्नाचे मांडव, एखादी सभा आहेच.

म्हणून आधी कॅलेंडर घ्या, मैदान ज्या दिवशी नक्की मिळणार नाही ते रविवार खोडा, दोन रविवार राखीव ठेवा आणि उरलेल्या तासांत बसतील तेवढ्याच टीम घ्या. एखाद्या तालमीला ‘यंदा नको’ म्हणायला जिवावर येतं, पण फेब्रुवारीत लीग अर्धवट सोडण्यापेक्षा ते बरं.

दुसरा उपाय मैदानातच आहे. अकरा वर्षांखालच्या पोरांना अकराची टीम घालून मोठ्या मैदानावर पळवू नका. सात-सातचं मैदान साधारण 55 बाय 37 मीटर लागतं. पूर्ण मैदान 100 बाय 64 असेल तर त्यावर अशी दोन मैदानं आडवी आरामात बसतात. 15-15 मिनिटांचे सामने, एका वेळी दोन, प्रत्येक टीमला सकाळी दोन सामने. तेच 28 सामने चार रविवारांत उरकतात. पोरांच्या पायाला बॉलही जास्त लागतो. मोठ्या मैदानावर अर्धी पोरं नुसती उभी असतात.

परवानगी तोंडी घेतली की गेलं

एका रविवारी आमच्या दोन टीम वॉर्मअप करत होत्या, तोवर टेनिस बॉल क्रिकेट स्पर्धेवाले स्पीकर घेऊन हजर. त्यांच्याकडे शिक्क्याचा कागद, आमच्याकडे ‘साहेब हो म्हणालेत’. आम्ही गपगुमान गोल उचलले. तेव्हापासून हंगामभराच्या तारखा अर्जात लिहून, पोच घेऊन, त्याची झेरॉक्स प्रत्येक टीमच्या दादाकडे असते. क्रिकेटवाल्यांशी आधीच बोलून ठेवा. खेळपट्टीवर स्टड घालून पळू नये एवढंच त्यांचं म्हणणं असतं, आणि ते रास्त आहे.

वयचोरी

यावर सगळे एकमेकांकडे बोट दाखवतात आणि प्रत्येकाच्या टीममध्ये एक तरी ‘मोठा’ निघतो. मूळ जन्मदाखला मागा. त्यावर जन्मतारखेइतकीच नोंदणीची तारीख बघा. जन्मानंतर आठ-दहा वर्षांनी झालेली नोंद दिसली तर शाळेचा पहिलीचा दाखला मागवा. सगळे दाखले पहिल्या सामन्याआधी, सगळ्या टीमसमोर एकाच दिवशी तपासा. 4-0 ने हरल्यावर घेतलेली हरकत कुणालाच खरी वाटत नाही.

गोलफरक आणि ईर्षा

गुणांची बरोबरी झाली तर गोलफरक (केलेले उणे खाल्लेले गोल), असा नियम केला की दुबळ्या टीमवर चौदा-चौदा गोल चढतात. त्या टीमचा गोलकीपर पुढच्या रविवारी येत नाही. आम्ही आपसातला सामना आधी बघतो, आणि गोलफरकात एका सामन्याचे पाचच गोल धरतो. टीम आलीच नाही तर वॉकओव्हर 3-0, वाट बघायची पंधरा मिनिटं, हेही आधी लिहून सह्या घ्या. राखीव पोरांना बाकावर वाळवू नका. पोरांच्या फुटबॉलमध्ये बाहेर गेलेला खेळाडू परत आत घेता येतो. तसा नियम करून घ्या.

रेफ्री पैसे देऊन आणता येत नसेल तर त्या दिवशी सामना नसलेल्या टीमचा प्रशिक्षक शिट्टी घेईल असं ठरवा. रेषेबाहेरच्या काकांना मात्र दोरीच्या मागे ठेवा. पेठेची ईर्षा पोरांना कळत नसते, ती काकांच्या तोंडून त्यांच्यापर्यंत पोचते.

जिवाशी खेळ नको

उचलते लोखंडी गोल मागून वाळूच्या पोत्यांनी किंवा खुंट्यांनी बांधल्याशिवाय पोरांना जवळ जाऊ देऊ नका. पोरं आडव्या दांडीला लोंबकळतात, गोल अंगावर येतो. जगभरात अशी मुलं दगावली आहेत. रेषा फक्कीनेच मारा, कळीचा चुना डोळ्यात गेला तर डोळा जाळतो. एप्रिल-मेमध्ये वळीव गडगडला की सामना थांबवा, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास कुणी मैदानात उतरायचं नाही, स्कोअर काहीही असो. तेरा वर्षांखाली 4 नंबरचा बॉल वापरा.

राहिलं जाळ्यांचं. जाळ्या, झेंडे, फक्की ठेवतो त्या खोलीची चावी एका तालमीकडे दिलीत की ती तालीम मैदानाची मालक होते आणि बाकीच्यांच्या सरावाच्या दिवशी चावी हमखास ‘घरी राहिलेली’ असते. आमची चावी सध्या समोरच्या चहाच्या गाड्यावर असते. गाडा पहाटे साडेपाचला लागतो आणि मालक कुठल्याच पेठेचा नाही.