पिकअपच्या हौद्यात जादा डिझेल टाकी : काम सुरू करण्याआधीची तयारी

"डिझेल काय पेट्रोलसारखं पेटतं का भाऊ?" नागपुरात वाडीपासून कळमन्यापर्यंत कुठल्याही गॅरेजात हे वाक्य ऐकू येतं. जादा टाकीच्या कामात मला सगळ्यात जास्त धास्ती याच समजुतीची वाटते. ज्या तापमानाला डिझेलवर पेट घेण्याइतकी वाफ जमते, ते आपल्याकडच्या मानकाप्रमाणे ३५ अंश सेल्सियस असलं तरी चालतं. अमेरिकेतल्या ट्रकवाल्यांचे व्हिडिओ बघून आपण टाकीचं डिझाइन ठरवतो, पण तिथल्या नेहमीच्या डिझेलसाठी ही खालची मर्यादा ५२ अंश आहे. नागपुरात ३५ अंश म्हणजे मार्चमधली साधी दुपार. मे अखेरच्या नवतप्यात पारा ४५ च्या पुढे जातो आणि उन्हात उभ्या गाडीच्या हौद्यातला पत्रा हाताला चटका देतो. त्या पत्र्यावर ठेवलेल्या टाकीतलं डिझेल जपून हाताळण्याचीच वस्तू आहे, आणि पुढची सगळी तयारी हे धरूनच करायची. पेट्रोल पिकअप असेल तर हौद्यात जादा टाकी बसवण्याचा विचारच सोडून द्या.

आधी गरज तपासा. एका फेरीचे किलोमीटर, भरल्या गाडीचं खरं ॲव्हरेज आणि वाटेतले पंप एका कागदावर लिहून काढा. नागपूर ते कळमेश्वर-काटोल संत्र्याच्या फेऱ्या करणाऱ्याला जादा टाकी लागत नाही. बोअरवेलचं सामान घेऊन भामरागड, सिरोंच्याकडे जाणाऱ्याला किंवा दिवसदिवस जंगलातल्या साइटवर गाडी उभी ठेवणाऱ्याला ती लागू शकते. गरज ६० लिटरची निघाली तर २०० लिटरची टाकी करू नका. मोठी टाकी रोजच्या फेरीत रिकामी फिरली तरी तिचं वजन पाट्यांवर, म्हणजे मागच्या स्प्रिंगांवर, असतंच, आणि अर्धी भरलेली टाकी हेलकावे देते ते वेगळंच.

आता कागद. हा भाग बहुतेक जण शेवटी करतात, मी तो पहिला करायला सांगेन. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे कंपनीनं दिलेल्या मूळ तपशिलापेक्षा गाडी वेगळी होईल असा बदल मालकाला मनानं करता येत नाही. परवानगी नसलेल्या बदलासाठी कलम १८२अ मध्ये प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही अशी तरतूद आहे. म्हणून गाडी एमएच ३१ असेल तर शहरच्या, एमएच ४९ असेल तर पूर्व नागपूरच्या आणि एमएच ४० असेल तर ग्रामीणच्या आरटीओत आधी लेखी अर्ज द्या. सोबत टाकीचा साधा आराखडा, लिटर, वजन आणि बसवण्याची जागा जोडा. गाडीवर कर्ज असेल तर फायनान्सवाल्याची लेखी संमतीही जोडा. उत्तर नकारार्थी आलं तर काम तिथंच थांबवा. "नंतर बघू" म्हणून वेल्डिंग सुरू करू नका.

दुसरा कायदा पेट्रोलियमचा. त्याचं देशभरातलं कामकाज पाहणाऱ्या पेसो या सरकारी संस्थेचं मुख्यालय आपल्याच सेमिनरी हिल्सवर आहे. पेट्रोलियम कायदा, १९३४ मध्ये गाडीच्या स्वतःच्या इंधन टाकीतल्या इंधनाला आणि त्याशिवाय त्याच गाडीच्या इंजिनासाठी बाळगलेल्या ठरावीक मर्यादेपर्यंतच्या इंधनाला परवाना लागत नाही. मात्र ही सूट गाडीची नोंदणी कायद्याप्रमाणे असणाऱ्या मालकासाठी आहे. आरटीओच्या दप्तरी नसलेली टाकी घेऊन फिरणाऱ्यानं या सुटीवर भिस्त ठेवू नये. हौद्यातल्या टाकीतून जेसीबीला, जनरेटरला किंवा दुसऱ्याच्या गाडीला डिझेल देणं हा तर वेगळाच व्यवहार. त्याला वेगळी टाकी आणि वेगळी परवानगी लागते, इथल्या तयारीत ते बसत नाही. याच फेरीत विमा कंपनीलाही लेखी कळवून पोच घ्या. गाडी वॉरंटीत असेल तर सर्व्हिस सेंटरचं म्हणणंही कागदावरच घ्या. तोंडी "चालते, चालते" उद्या कामाला येत नाही.

कागद मार्गी लागेपर्यंत गाडी वजनकाट्यावर न्या. रोजचं अवजार, स्टेपनी, ताडपत्री, ड्रायव्हर आणि क्लीनर सगळे चढवून वजन करा. पूर्ण गाडीचं एकदा, आणि जमलं तर फक्त मागची चाकं काट्यावर घेऊन एकदा. आरसीवर लिहिलेल्या एकूण वजनातून हा आकडा वजा करा. जे उरेल त्यात टाकीही बसली पाहिजे आणि तुमचा मालही. डिझेल लिटरला साधारण ८३० ग्रॅम भरतं, म्हणजे २०० लिटरचे १६५ किलोच्या आसपास. सव्वा मीटर लांब, अर्धा मीटर रुंद आणि फूटभर उंच अशी १४ गेजची लोखंडी टाकी आडपडद्यांसकट ४५-५० किलो होते. पट्टे, पंप, नटबोल्ट धरले की सव्वादोनशे किलो कुठंच गेले नाहीत. दीड टनाच्या पिकअपला ते खपतं. दुहेरी केबिनच्या गाड्यांना माल वाहायची मुभाच मुळात थोडी असते, तिथं टाकी भरली की हौदा कागदावर भरलाच. पाटे आधीच बसलेले असतील तर आधी त्यांचं काम करून घ्या. जादा पाटा टाकला म्हणून आरसीवरची मर्यादा वाढत नाही, हेही ध्यानात ठेवा.

टाकी कशाची असावी, यावर माझं मत पक्कं आहे. दोन मिलिमीटरचा लोखंडी पत्रा किंवा चांगलं ॲल्युमिनियम. लोहाओळीत पत्रा घ्यायला गेलात की दुकानदार गंजू नये म्हणून जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेला, पत्रा सुचवील. तो घेऊ नका. गॅल्वनाइझिंगमधलं जस्त हळूहळू डिझेलमध्ये उतरतं आणि इंजेक्टरच्या टोकावर जाऊन बसतं. तांब्याची नळी आणि पितळी कॉक यांचंही तसंच, त्यांच्यामुळे डिझेल लवकर खराब होतं. बीएस-६ गाडीचं कॉमन रेल, म्हणजे इंजेक्टरना दाबानं डिझेल पुरवणारी नळी, हजार-दीड हजार बारच्याही वर चालतं आणि इंजेक्टरची भोकं केसाइतकी बारीक असतात, त्यांना हा गाळ सोसत नाही.

आत आडपडदे हवेतच. दर फूट-दीड फुटावर एक, खालच्या कोपऱ्यांत वाटा ठेवून, म्हणजे डिझेल सगळीकडे सारखं उतरेल पण एकदम धावणार नाही. पाण्याचा टँकर ब्रेक लावल्यावर कसा पुढे ढकलतो ते आपण सगळ्यांनी पाहिलंय, बिनपडद्याची टाकी हौद्यात तेच करते. सगळ्यात खालच्या कोपऱ्यात पाणी काढायचा ड्रेन प्लग ठेवा आणि टाकी बसवताना त्याच बाजूला किंचित उतार द्या. वर श्वासनळी हवी. तिचं तोंड खाली वळवलेलं असावं, जाळी असावी आणि गाडी उलटली तर बंद होणारा व्हॉल्व्ह असावा. नुसतं झाकणाला खिळ्यानं भोक पाडणाऱ्या मिस्त्रीकडे काम देऊ नका. त्या भोकातून पावसात पाणी आत जातं आणि उन्हात वाफ बाहेर येते.

उन्हाचा आणखी एक हिशोब. पंपाच्या जमिनीखालच्या टाकीतून डिझेल तुलनेनं गार येतं आणि दुपारी हौद्यात तापतं. वीस अंशांचा फरक पडला तर २०० लिटरचं डिझेल तीन-साडेतीन लिटरनं फुगतं. गच्च भरलेल्या टाकीतून ते झाकणावाटे बाहेर येणार आणि तापलेल्या पत्र्यावर सांडणार. म्हणून भरायच्या नळीचं तोंड टाकीत थोडं आत उतरवून घ्या, म्हणजे वरची पाच टक्के जागा आपोआप रिकामी राहील.

टाकी तयार झाली की रंगाआधी तिची चाचणी तुमच्यासमोर व्हायला हवी. हवेनं करायची असेल तर दोन-तीन पीएसआयच्या वर जाऊ देऊ नका आणि टायरच्या पाइपची हवा थेट सोडू देऊ नका. तीन पीएसआय ऐकायला किरकोळ वाटतं, पण वर सांगितलेल्या मापाच्या टाकीच्या वरच्या पत्र्यावर त्याचा जोर सव्वा टनाच्या घरात जातो. शिवण उसवली तर समोरच्याचा जीव जाईल. साबणाचं पाणी लावून प्रत्येक शिवण बघा. हवेची भीती वाटत असेल तर टाकी काठोकाठ पाण्यानं भरून एक रात्र कोरड्या कागदावर ठेवा. नंतर मात्र आतून पूर्ण सुकवणं आलं.

आणि हे तर हात जोडून सांगतो. जुना डिझेलचा ड्रम किंवा दुसऱ्या गाडीची वापरलेली टाकी कापून-जोडून घेऊ नका. रिकामा दिसणारा ड्रम वाफेनं भरलेला असतो. धुतला, पाणी फिरवलं, दोन दिवस उघडा ठेवला, तरी शिवणीत अडकलेलं डिझेल वेल्डिंगच्या उष्णतेनं वाफ होतं आणि स्फोट होतो. नव्या पत्र्याला थोडे पैसे जास्त लागतात, ते लागू द्या. नंतर कधी हीच टाकी गळाली तरी तिला वेल्डिंग करायचं नाही.

जागा एकच, केबिनला लागून, मागच्या ॲक्सलच्या पुढे, दोन्ही बाजूंना सारखं वजन पडेल अशी. मागच्या फाळक्याजवळ टाकी गेली की पुढची चाकं हलकी होतात आणि स्टिअरिंग तरंगतं. हौद्याच्या पातळ पत्र्याला नुसते बोल्ट मारून टाकी राहत नाही. खाली चेसिसच्या आडव्या पट्ट्यापर्यंत पकड गेली पाहिजे. ८.८ ग्रेडचे १२ मिलिमीटरचे बोल्ट, खाली हाताएवढी लोखंडी पट्टी, वर नायलॉक नट. टाकीखाली रबरी पट्ट्या द्या, म्हणजे पत्रा पत्र्यावर घासणार नाही आणि पाणी साचणार नाही. हौद्यात प्लास्टिकची लायनर असेल तर टाकीखालची कापून काढा. तिच्यावर ठेवलेल्या टाकीतला स्थिर वीजभार चेसिसला जायला वाट राहत नाही. रबर आणि रंग यांमुळेही तीच अडचण येते, म्हणून टाकीपासून चेसिसपर्यंत वेगळी अर्थिंगची वेणी जोडाच, दोन्ही टोकांचा रंग खरवडून. भोक पाडण्याआधी गाडीखाली झोपून खडूनं खुणा करा. वायरिंग, ब्रेकचा पाइप, मूळ टाकी आणि बीएस-६ गाडीत सायलेन्सरच्या वाटेवरचा डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) कुठं आहे ते बघा. डीपीएफ स्वतःची काजळी जाळतो तेव्हा तिथली उष्णता सहाशे अंशांच्या आसपास असते. डिझेलची नळी त्याच्या बाजूनं जाता कामा नये.

जोडणी करताना इंजिनाच्या फीड आणि रिटर्न लाइनला (इंजिनाकडे डिझेल नेणाऱ्या आणि उरलेलं परत आणणाऱ्या नळ्यांना) हात लावायचा नाही. जादा टाकीतलं डिझेल मूळ टाकीत सोडायचं, तेही भरण्याच्या नळीला टी जोडून, वाटेत पाणी वेगळं करणारा फिल्टर आणि डिझेल उलट येऊ न देणारा व्हॉल्व्ह देऊन. उतारानं आपोआप उतरणारी रचना स्वस्त पडते, पण नळी सुटली तर सगळं डिझेल रस्त्यावर. मला डिझेलसाठीचा १२ व्होल्टचा पंप बरा वाटतो. स्विच ड्रायव्हरसमोर, दिव्यासकट, आणि मूळ टाकीचा काटा पाव-निम्म्यावर आल्यावरच सुरू करायचा, कारण विसरलेला पंप मूळ टाकी ओसंडून लावतो. पंपावर वेळेचं बंधन घालता आलं तर उत्तम. नळी इंधनाचीच घ्या. बागेला पाणी द्यायची पारदर्शक नळी आपल्या उन्हात एका उन्हाळ्यात कडक होऊन तडकते. पंपाची वायर बॅटरीपासून घेताना फ्यूज बॅटरीलगतच बसवा. चार-सहा किलोची पावडरची अग्निशामक नळकांडी केबिनमध्ये हाताशी ठेवा. हौद्यात टाकीमागे ठेवलेली वेळेला हाती लागत नाही.

काम हिंगण्याच्या एमआयडीसीत होवो की घराजवळच्या गॅरेजात, टाकी बाहेर तयार होऊन येऊ द्या आणि गाडीवर फक्त बसवणं ठेवा. हौद्यात वेल्डिंग नको. अगदीच लागलं तर बॅटरीच्या तारा सोडा, नाहीतर ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, जाईल. मूळ टाकीजवळ मात्र वेल्डिंग कधीच नको.

पहिल्यांदा वीसेक लिटरच डिझेल घाला, सकाळच्या गारव्यात, पंपाचा नोझल टाकीच्या तोंडाला टेकवून. पंप चालवून बघा, प्रत्येक क्लिप कोरड्या फडक्यानं पुसा, मग शहराबाहेर एक फेरी मारून पुन्हा पुसा. ठीक वाटलं की पूर्ण भरा आणि काट्यावर जाऊन वजनाची पावती घ्या. शे-दोनशे किलोमीटर झाले की बोल्ट पुन्हा आवळा, रबर दबतं आणि ते ढिले होतात. पावसाळ्यात दर आठवड्याला ड्रेन प्लगमधून थोडं डिझेल बाटलीत काढून पाणी आहे का बघा. उन्हाळ्यात भरलेलं डिझेल डिसेंबरपर्यंत टाकीत ठेवू नका. उन्हाळी डिझेल १८ अंशांच्या खाली फिल्टर तुंबवू शकतं, हिवाळी ६ पर्यंत चालतं, आणि आपल्याकडे थंडीत पहाटेचा पारा दहाच्याही खाली जातो. आरटीओचा कागद, विम्याची पोच, वजनकाट्याची पावती आणि टाकीचं बिल यांच्या प्रती आरसीसोबत गाडीतच ठेवा.