नागपूरहून विमानाला खरंच किती वेळ लागते, ते असं काढा

"मुंबई काय, दीड तासात पोचतो!" असं आपल्याकडे सगळेच म्हणतात अन् मग दुपारी दादरला काम असलं की सकाळी दहाचं विमान बुक करतात, तिथंच चुकते. दीड तास फक्त विमानाचा असते, घरापासूनचा नाही.

आधी अंतर काढा. गुगल मॅप्सवर सोनेगावच्या एअरपोर्टवर बोट दाबून धरा, पिन पडली की 'मेझर डिस्टन्स' (अंतर मोजा) निवडा अन् मॅप सरकवत मुंबई एअरपोर्टवर न्या. जवळपास 680 किमी येते. पुणे 600, दिल्ली 850 च्या आसपास. हे हवेतलं सरळ अंतर, रेल्वेनं मुंबई 837 किमी आहे अन् समृद्धी तर भिवंडीजवळ आमण्यापर्यंतच 701.

मग त्या आकड्याला 800 नं (विमानाचा अंदाजे ताशी किमी वेग) भागा अन् वरून अर्धा तास टाका, कारण चढता-उतरताना विमान हळू असते. मुंबईचे 51 मिनिटं अधिक अर्धा तास, म्हणजे एक-वीस. तिकिटावर एक-पस्तीस, एक-चाळीस दिसते ते रनवेपर्यंत जायचा वेळ धरून, अन् मुंबईत दोन्ही रनवे एकमेकांना छेदतात म्हणून एका वेळी एकच चालवतात, गर्दीच्या वेळी विमान वरच घिरट्या घालत राहते, तोही वेळ एअरलाइन आधीच धरून ठेवते. दिल्लीला डिसेंबर-जानेवारीत धुकं असते, तेव्हा पहाटेचं विमान घेऊच नका.

आता खरा हिशोब. समजा मानकापूरहून निघाले. एअरपोर्टपर्यंत पाऊण तास. मेट्रोनं गेले तर स्टेशन वर्धा रोडवर आहे, टर्मिनल आत आहे, बॅगा जड असतील तर ऑटोच करा. बॅगेचं काउंटर बहुतेक एक तास आधी बंद होते, म्हणून दीड तास आधी पोचाच. विमानाचे एक-पस्तीस, बॅग यायला अर्धा तास, तिथून दादर एक तास. झाले की नाही पाच तास वीस मिनिटं! सकाळीच काम असेल अन् मुक्काम करायचा नसेल तर मी रात्रीची दुरांतोच सांगतो, झोपून जा, सकाळी मुंबईत उतरा. पुण्यालाही असंच, लोहगावहून हिंजवडीला जायला विमानाएवढाच वेळ लागू शकते, तो आधी धरा.

बाहेरदेशी जाणाऱ्यांनी अजून एक पाहा, तिकिटावर सुटायची वेळ इथली अन् पोचायची तिथली असते. दोहा आपल्यापेक्षा अडीच तास मागे आहे. समजा सुटायची पहाटे 4 अन् पोचायची 5:45 लिहिली असेल तर पावणेदोन तास समजू नका, त्यात अडीच मिळवा, सव्वाचार तास होतात. 2,800 किमीला 800 नं भागून अर्धा तास टाकला तरी चार येतात, म्हणजे बरोबर जुळते.