खिडकीतली हिवाळी बैठक

पहिल्या हिवाळ्यात मी खिडकीच्या कट्ट्यावर हौसेने उशा मांडल्या आणि दहा मिनिटांत उठले. पाठीला गारठा झोंबत होता. तेव्हापासून माझं ठाम मत आहे: सजावट नंतर, आधी वारा अडवा.

पडदे बाजूला बांधून पेटती उदबत्ती चौकटीच्या कडेकडेने हळू फिरवा. धूर जिथे थरथरेल तिथे फट आहे. ती फोमच्या चिकटपट्टीने बुजवा. फट नसली तरी काचेजवळची हवा गार होऊन जड होते आणि खाली अंगावर उतरते. म्हणून रात्री अस्तर लावलेला जाड पडदा हवाच, कट्ट्याला टेकेल एवढा लांब.

गादी ४ इंचांची, घट्ट फोमची घ्या. मऊ फोम बसताच दबतो आणि खालच्या दगडाचा थंडावा जाणवतो. वर लोकरीची शाल किंवा गोधडी. तिच्या थरांत हवा अडकून राहते, खरी ऊब त्या हवेची. मी आईच्या जुन्या साड्यांची गोधडी अंथरते. तिचे फिके पडलेले रंग मला कुठल्याही नव्या कापडापेक्षा प्रिय आहेत, आणि बाकीचे रंग मी त्यांच्यावरूनच निवडते.

उशा तीन पुरेत, पण काचेला टेकवू नका. थंडीत काचेवर आतून पाणी धरतं, कापड ओलं राहतं, बुरशी चढते. माझी भरतकामाची उशी अशीच गेली. सकाळी काच पुसून घ्या.

दिवा पिवळसर, २७०० केल्विनचा (केल्विन म्हणजे उजेडाच्या रंगछटेचं माप), खांद्यामागून पुस्तकाच्या पानावर उजेड पडेल असा.